लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड ‘अनलॉक’ करून देतो म्हणणाऱ्यापासून सावध

माझ्या भाच्याकडून अठराशे रुपये घेऊन एका माणसाने त्याला फुकट मिळणारं सॉफ्टवेअर विकलं. नुसते पैसे गेले असते तर एवढं लिहायला बसलो नसतो. पण त्याबरोबर लॅपटॉपमध्ये जे घातलं, त्याने घरच्यांची झोप उडवली. खानापूर, निपाणी, चिकोडीकडची पोरं शिकायला बेळगावात येतात, खोलीवर राहतात, आणि अशी माणसं नेमकी त्यांनाच गाठतात. म्हणून सगळं सांगतो.

भाच्याच्या लॅपटॉपला एनव्हिडिया कंपनीचं आरटीएक्स ३०५० ग्राफिक्स कार्ड आहे, म्हणजे गेम आणि चित्रं पडद्यावर उमटवणारा भाग. कॉलेजची थ्रीडी ड्रॉइंग आणि अधूनमधून गेम, दोन्ही त्यावर. रूममेटच्या लॅपटॉपलाही हेच कार्ड, पण त्याच्याकडे गेम जास्त सुरळीत चालायचा. खरं कारण साधं आहे. लॅपटॉपमधलं ३०५० हे ३५ वॅटपासून ८० वॅटपर्यंत कितीही ताकदीचं असू शकतं. किती वॅट द्यायचे हे लॅपटॉप बनवणारी कंपनी कूलिंग आणि चार्जर बघून ठरवते. नाव एकच असलं तरी कार्डाचा दम वेगळा. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडलं तर आपल्या कार्डाचा आकडा बघता येतो.

हे त्या माणसाला पक्कं माहीत होतं. तो पोराला म्हणाला, “तुझ्या कार्डाला कंपनीनं लॉक घातलंय की. मी उघडून देतो.” मग त्याने एमएसआय आफ्टरबर्नर, म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा वेग आणि व्होल्टेज बदलायचं सॉफ्टवेअर, उघडून दाखवलं. व्होल्टेज आणि पॉवर लिमिटच्या पट्ट्या करड्या, हलतच नाहीत. “बघ, हेच लॉक. लॅपटॉप व्हर्जनची लायसन्स की टाकावी लागते, ती विकत आहे.”

आफ्टरबर्नरचं असं कुठलंही लॅपटॉप व्हर्जन नाही आणि त्याला कीसुद्धा लागत नाही. ते पूर्ण मोफत आहे. बहुतेक लॅपटॉपवर त्या पट्ट्या करड्याच असतात, कारण ती मर्यादा कार्डाच्या बायोसमध्ये, म्हणजे कार्डातच भरलेल्या मूळ प्रोग्राममध्ये असते. पंख्याचा वेगही बऱ्याचदा लॅपटॉपचं स्वतःचं सर्किट सांभाळतं, तिथेही आफ्टरबर्नरचा हात पोचत नाही. हलतात त्या साधारण कोअर क्लॉक आणि मेमरी क्लॉकच्या, म्हणजे कार्डाच्या आणि त्याच्या मेमरीच्या वेगाच्या पट्ट्या, आणि त्यातून मिळणारा फरक थोडकाच.

त्या माणसाने ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी गेमची टेस्ट घेऊन दाखवली होती. मग पोराला फरक दिसला कसा? मित्रांना दाखवायला पोराने मोबाईलवर शूटिंग केलं होतं, ते मी पुन्हा पुन्हा पाहिलं. ‘आधी’ची टेस्ट चालू असताना चार्जरची वायर टेबलावर मोकळी पडलेली आहे. बॅटरीवर असताना लॅपटॉप ग्राफिक्स कार्डाची ताकद मुद्दाम खूप कमी करतो. ‘नंतर’च्या टेस्टला चार्जर लावलेला, लॅपटॉप परफॉर्मन्स मोडवर, आणि गेमच्या मेनूत रिझोल्यूशनही खाली आणलेलं. एवढं केलं की सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम वाढणारच, त्याला सॉफ्टवेअर कशाला हवं? एकोणीस वर्षांच्या पोरासमोर ठरवून, शांत डोक्याने केलेली ही फसवणूक आहे, आणि मला याचीच जास्त चीड येते.

बसवताना त्या माणसाने अँटिव्हायरस बंद केला. “हे त्याला व्हायरस वाटतं, घाबरू नको” म्हणाला. सुट्टीत पोरगा खानापूरला आला आणि अक्काच्या लक्षात आलं की लॅपटॉपवर कुणी बसलेलं नसतानाही पंखा घोंघावतो. बूड हाताला चटका देईल इतकं तापायचं. कुठले प्रोग्राम चालू आहेत ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडला की मात्र सगळं शांत. पोराला वाटलं, ओव्हरक्लॉकिंगमुळे, म्हणजे कार्डाचा वेग वाढवल्यामुळे तापत असेल. पण मशीन रिकामं असताना ओव्हरक्लॉक केलेलं कार्डही असं तापत नाही.

विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘एक्सक्लूजन्स’ नावाची यादी असते. तिथे लिहिलेल्या जागा अँटिव्हायरस तपासत नाही. त्या यादीत आख्खा सी ड्राइव्ह घातलेला होता! तो काढून ऑफलाइन स्कॅन, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच होणारी तपासणी, चालवला तेव्हा दोन गोष्टी सापडल्या. एक, गुपचूप क्रिप्टो नाणी खणणारा मायनर. दुसरी, ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड चोरणारा प्रोग्राम. टास्क मॅनेजर उघडल्यावर गप्प बसणं ही अशा मायनरची जुनी खोड आहे.

हा प्रकार नवाही नाही. आफ्टरबर्नरच्या नावाने खोटी साइट चालते आहे, असा इशारा खुद्द एमएसआयने मे २०२१ मध्ये दिला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये सायबल या सुरक्षा कंपनीने अशाच खोट्या साइट्सबद्दल सांगितलं, आणि तिथेही मायनर आणि पासवर्डचोर अशीच जोडगोळी होती. या सापळ्यात खरं आफ्टरबर्नरसुद्धा बसतं, त्यामुळे शंका येत नाही. ते घ्यायचं तर एमएसआयच्या किंवा गुरू-थ्रीडी या साइटवरून. पेनड्राइव्हवरून किंवा टेलिग्रामवर आलेल्या फाइलमधून कधीही नाही.

त्या माणसाला फोन केला तर म्हणाला, “साहेब, सॉफ्टवेअर फुकटच असतं, मी सर्व्हिसचे घेतले.” पावती नव्हती, यूपीआय तिसऱ्याच नावावर. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, व्यवहाराचा नंबर, चॅट आणि ते शूटिंग जोडलं. पैसे अजून आलेले नाहीत. पोराचं एक गेमिंग अकाउंट गेलं. ईमेल वाचला, कारण पासवर्ड दुसऱ्या फोनवरून लगेच बदलले आणि सगळीकडून लॉगआउट केलं. लॅपटॉपवर बसून पासवर्ड बदलले असते तर नवेही चोराकडे गेले असते. विंडोज पूर्ण पुसून नव्याने टाकलं. त्यासाठीचा पेनड्राइव्ह माझ्या कॉम्प्युटरवर बनवला.

नंतर लॅपटॉप उघडून पंख्यातली धूळ काढली, चिपची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट बदलली आणि गादीवरून टेबलावर आणला. खरं आफ्टरबर्नर टाकून, कंट्रोल आणि एफ दाबून उघडणाऱ्या आलेखात कार्डाचं व्होल्टेज जरा खाली आणलं. आता ते कमी तापतं आणि वेग टिकून राहतो. याला अंडरव्होल्टिंग म्हणतात. काही लॅपटॉपवर हेही बंद असतं, तिथे नाद सोडावा.

तुमच्या मुलाच्या लॅपटॉपमध्ये कुणी असं काही ‘टाकून दिलं’ असेल, तर आज रात्रीच ती एक्सक्लूजन्सची यादी उघडून बघा. तुम्ही न घातलेलं एखादं नाव तिथे दिसलं, तर आधी वायफाय बंद करा आणि मग पासवर्ड बदलायला दुसरा फोन हातात घ्या.