जर्मनीचं ब्लॉक्ड अकाउंट : दहा महिन्यांच्या वापरानंतर

जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी सप्टेंबर २०२४ पासून वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे तिकडच्या शपेरकोंटोत, आगाऊ भरून ठेवावे लागतात. तिथे पोचल्यावर त्यातले महिन्याला ९९२ युरो मिळतात. इथे लिहिलेलं खातं ऑनलाइन सेवेतून उघडलेलं आहे, पैसे पुण्यातल्या राष्ट्रीयीकृत बँकेतून गेले आणि आता दहा हप्ते घेऊन झाले. खातं चोख आहे. हप्ता एकदा सुरू झाला की चुकत नाही. त्रास होतो तो त्याआधी, पैसे तिथे पोचवताना आणि पहिला हप्ता हातात पडेपर्यंत.

उघडायला पासपोर्टची स्कॅन प्रत आणि अर्धा तास पुरतो. फक्त नावाकडे लक्ष द्या. आपल्याकडे पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या ओळीत स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं. फॉर्ममध्ये ते जसंच्या तसं टाका. वडिलांचं नाव गाळलं, की खात्याचं पत्र आणि व्हिसाचा अर्ज यांतली नावं जुळत नाहीत आणि ऐन अपॉइंटमेंटच्या आठवड्यात दुरुस्तीसाठी ईमेल करत बसावं लागतं.

खरं काम बँकेत. परदेशी पैसे पाठवायच्या ए-टू फॉर्मवर पैसे कशासाठी ते सांगणारा परपज कोड एस०३०५, म्हणजे परदेशी शिक्षण. त्याच फॉर्मवर परदेशी बँकांचे चार्जेस कोण भरणार, असा एक छोटा रकाना असतो आणि तीन पर्याय असतात : ओयूआर (सगळे पाठवणारा भरतो), एसएचए (दोघांत वाटून), बीईएन (पैसे घेणारा भरतो). तिथे ‘ओयूआर’ लिहूनच घ्या. काउंटरवर काही बोललं नाही तर बऱ्याचदा ‘एसएचए’ भरलं जातं. मग वाटेतली बँक आपले वीसेक युरो कापून घेते, खात्यात ११,९०४ ऐवजी ११,८८४ दिसतात आणि रक्कम पुरी झाल्याशिवाय व्हिसासाठीचं पत्र निघत नाही. राहिलेले वीस युरो पाठवायला पुन्हा सगळे चार्जेस. सेवेचं शुल्क वेगळं असतं, तेही मूळ रकमेत धरून पाठवा. खातं उघडल्यावर मिळालेला रेफरन्स नंबर रेमिटन्सच्या ओळीत आलाय का, हे स्विफ्टच्या, म्हणजे बँकेने पैसे पाठवल्याच्या संदेशाच्या, प्रतीवर स्वतः वाचून बघा. तो नसेल तर पैसे पोचूनही कुणाचे ते कळत नाही आणि नुसते पडून राहतात.

दराची घासाघीस मात्र जरूर करा. युरोमागे १ रुपया कमी झाला तरी ११,९०४ रुपये वाचतात. त्यापुढे चलनबदलावरचा जीएसटी किरकोळ आहे : बारा लाखांच्या आसपासच्या रकमेवर साधारण हजार रुपये. परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ वसूल करते तो कर म्हणजे टीसीएस. तो ज्या रकमेपुढे लागतो ती मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून १० लाख आहे. ती पाठवणाऱ्याच्या पॅनवर, पूर्ण आर्थिक वर्षाची मोजली जाते, त्यामुळे त्याच वर्षी फी किंवा इतर कशासाठी परदेशी पाठवलेले पैसेही त्यात धरले जातात. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलं तर टीसीएस लागत नाही, पण शाखेतून फाइल फॉरेक्स विभागात जायला दिवस लागतात. व्हिसाच्या तारखेआधी तीन आठवडे हातात ठेवा.

आता पहिल्या हप्त्याची गोष्ट, जी बहुतेक जण तिकीट काढताना विसरतात. हप्ता सुरू व्हायला व्हिसा, शहरात केलेली पत्त्याची नोंदणी म्हणजे आनमेल्डुंग, आणि स्वतःच्या चालू खात्याचा आयबान, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, लागतो. आनमेल्डुंगसाठी घरमालकाचं एक पानी पत्र लागतं, त्यावर पत्ता, राहायला आल्याची तारीख, राहणाऱ्याचं नाव आणि मालकाची सही. हॉस्टेल किंवा महिनाभरासाठी घेतलेल्या खोलीत हे पत्र सहसा मिळत नाही. म्हणजे पक्कं घर नाही तर नोंदणी नाही, आणि नोंदणी नाही तर हप्ता नाही. घर मिळवायला मात्र आधी पैसे हवेत : डिपॉझिट कायद्याने तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत घेता येतं. भाडं ३५० युरो असलं तरी १,०५० डिपॉझिट, वर पहिलं भाडं, वर आरोग्य विमा. त्यामुळे ब्लॉक्ड अकाउंटच्या बाहेर किमान २,००० युरो जवळ हवेत, म्युनिकसारख्या शहरात ३,०००. सगळे फॉरेक्स कार्डवर ठेवू नका, डिपॉझिट बहुतेक बँक ट्रान्सफरनेच मागतात.

घरात शिरल्या दिवशी पत्रपेटीवर आपलं आडनाव चिकटवा. चिठ्ठीवर पेनने लिहिलेलं चालतं. नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो, आणि बँकेचं कार्ड, त्याचा पिन, विम्याचं कार्ड, टॅक्स नंबर ही सगळी पत्रं पोस्टानेच येतात. त्यांतलं एक परत गेलं तरी दोन आठवडे वाया.

९९२ पुरतात का? तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याच्या सरकारी विम्याला महिन्याला १४० ते १५० युरो जातात. घरटी १८.३६ युरो रेडिओ-टीव्हीची वर्गणी, ती खोलीत टीव्ही नसला तरी भरायची, एकत्र राहणाऱ्यांत वाटून घेता येते. उरतात सव्वाआठशेच्या आसपास. केम्निट्झ किंवा मागडेबुर्गसारख्या स्वस्त शहरात ३०० च्या आसपासची खोली घेऊन नीट भागतं. म्युनिकला भाड्यातच बहुतेक जातात. ९९२ हा व्हिसासाठी ठरवलेला आकडा आहे, राहण्याच्या खर्चाचा अंदाज शहर बघूनच करा. विद्यापीठाची दर सत्राची वर्गणी यात धरलेली नाही, आणि बाडेन-वुर्टेमबेर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो फी आहे, तीही वेगळी.

भाडं महिन्याच्या तिसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत जायला हवं. हप्ता कधी सुट्टीमुळे एक-दोन दिवस मागेपुढे होतो. एका महिन्याचं भाडं चालू खात्यात कायम राखून ठेवलं की ही धाकधूक राहत नाही. जास्त पैसे लागले म्हणून एकदम उचलता येत नाहीत, दवाखाना निघाला तरीही.

व्हिसा नाकारला गेला तर नकाराचं पत्र दाखवून पैसे परत मिळतात. सेवेचं शुल्क मात्र बऱ्याच ठिकाणी परत येत नाही आणि चलनबदलाचं नुकसान आपलं. शिकताना मध्येच खातं मोडायचं असेल तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयाचं पत्र लागतं.

पहिलं वर्ष संपत आलं की निवास परवान्यासाठी पुन्हा पैशांचा पुरावा द्यावा लागतो. मार्च २०२४ पासून विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, आणि पगार पुरेसा असेल तर नोकरीच्या कराराचा कागद पुरावा म्हणून चालू शकतो. तो करार हातात नसेल तर बाकीची रक्कम घरून मागवायला परवाना संपायच्या तीन महिने आधी लागा. दुसऱ्या खेपेलाही ए-टू फॉर्म, ‘ओयूआर’ आणि रेफरन्स नंबर तसेच तपासायचे असतात.