इचेव्हेरिया, हॉवर्थिया की सेम्परव्हायवम? आधी खिडकी पाहा

गुलाबाच्या फुलासारखी पानं रचलेलं सकुलंट (जाड पानांत पाणी साठवणारं रोप) घ्यायचं ठरलं की निवड बहुतेकदा रंगावर होते. पण तो रंग जातीइतकाच उन्हाचाही असतो. भरपूर उजेडात वाढलेली गुलाबी-जांभळी इचेव्हेरिया घरातल्या टेबलावर आली की काही आठवड्यांत हिरवट होते, मग तिचा दांडा लांबू लागतो आणि पानं एकमेकांपासून दूर जातात. म्हणून आधी दोन गोष्टी तपासाव्यात. कुंडी ठेवायच्या जागी थेट ऊन किती तास येतं, आणि रात्री तिथे किती गारवा असतो. माती, कुंडी, पाणी हे सगळं नंतर जमवता येतं. ऊन आणि रात्रीचा गारवा मात्र जागेसोबत येतात.

बाजारात सहज मिळणारे पर्याय चार: इचेव्हेरिया, हॉवर्थिया, सेम्परव्हायवम आणि ग्राप्टोपेटालम. लहान असताना चौघं एकसारखी दिसतात, पण त्यांच्या गरजा बऱ्याच वेगळ्या आहेत.

मूळ घर कुठलं

इचेव्हेरिया मुख्यतः मेक्सिकोच्या डोंगराळ भागातली. खडकाच्या कपारीत मुळं, दिवसा कडक ऊन, रात्री गारवा, पाऊस पडला तरी पाणी क्षणात वाहून जाणार. हॉवर्थिया दक्षिण आफ्रिकेतली, पण ती तिथे झुडपांच्या नाहीतर दगडांच्या आडोशाला वाढते. तिच्या काही जाती, उदाहरणार्थ हॉवर्थिया कूपेरी, मातीत जवळजवळ गाडलेल्या असतात आणि पानांच्या पारदर्शक टोकांतून उजेड आत घेतात. सेम्परव्हायवम युरोपातल्या पर्वतांवरचं, बर्फाखाली हिवाळा काढणारं. ग्राप्टोपेटालम पॅराग्वायेन्सच्या नावात पॅराग्वे असला तरी तेही मेक्सिकोचंच.

ऊन: खरा निकाल इथेच लागतो

इचेव्हेरियाला रोज किमान चार ते सहा तास थेट ऊन हवं. ‘खोलीत छान उजेड आहे’ एवढं तिला पुरत नाही, कारण खिडकीपासून दोन मीटर आत गेलं की उजेड आपल्याला जाणवतो त्याहून कितीतरी जास्त घटलेला असतो. डोळे त्या कमी उजेडाला सरावतात, रोप सरावत नाही. साधी परीक्षा अशी: दुपारी कुंडीच्या जागेवर वीतभर उंचीवर हात धरा. सावली गडद आणि कडा रेखीव असतील तर इचेव्हेरिया चालेल. सावली पुसट, कडा विरघळलेल्या असतील तर हॉवर्थिया घ्या. सावलीच पडत नसेल तर दिव्याशिवाय यातलं कोणतंही रोप नीट राहणार नाही, हॉवर्थियाही फक्त तग धरेल.

हॉवर्थियाला सकाळचं तास-दोन तास कोवळं ऊन आणि उरलेला दिवस उजेड पुरतो. दुपारच्या उन्हात ती आधी तांबूस-तपकिरी होते आणि मग टोकांकडून सुकते. तांबूसपणावरच थांबवलं तर सावलीत नेल्यावर ती पुन्हा हिरवी होते.

ग्राप्टोपेटालमला इचेव्हेरियाइतकंच ऊन आवडतं, पण कमी पडलं तरी ते समजून घेतं. पूर्ण उन्हात पानं गुलाबी-पिवळसर, कमी उन्हात निळसर राखाडी. कुठल्याही उजेडात वय वाढलं की त्याचा दांडा लांबतोच, तेव्हा ते लटकत्या कुंडीत शोभतं. सेम्परव्हायवमलाही थेट ऊन हवं, पण त्याची खरी अडचण उन्हाची नाही, तिच्याकडे पुढे येऊ.

उन्हात नेताना घाई नको. आडोशाला वाढलेलं रोप एकदम दुपारच्या उन्हात ठेवलं तर पानांवर पांढरे-तपकिरी चट्टे पडतात आणि ते डाग त्या पानावर कायम राहतात. दर दोन-तीन दिवसांनी तासभर ऊन वाढवत दोन आठवड्यांत पूर्ण उन्हात न्यावं.

दिव्याचा आधार घ्यायचा असेल तर पांढरा एलईडी दिवा रोपापासून वीस ते तीस सेंटिमीटरवर, रोज बारा ते चौदा तास. चोवीस तास लावून ठेवणं चुकीचं. ही रोपं पाणी वाचवण्यासाठी दिवसा पानांची रंध्रं (बारीक छिद्रं) मिटून घेतात, अंधारात उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि तो आम्लाच्या रूपात साठवून दिवसा वापरतात. रात्र काढून घेतली तर हा सगळा व्यवहारच बिघडतो.

गारवा आणि उकाडा

वरच्या कारणामुळेच रात्रीचं तापमान महत्त्वाचं ठरतं. रात्र गार असेल तर रंध्रं मोकळी उघडतात. रात्रीही उकडत राहिलं तर ती नीट उघडत नाहीत, वाढ मंदावते, मुळं पाणी ओढेनाशी होतात आणि कुंडीतली माती आठवडाभर ओली राहते. उष्ण, दमट दिवसांत ‘नेहमीइतकंच पाणी दिलं तरी सडलं’ असं होतं त्यामागे हेच असतं. पाणी तेवढंच होतं, पण रोप ते घेत नव्हतं.

सेम्परव्हायवमची खरी अडचण हीच. शून्याखाली वीस अंशांपर्यंतची थंडी ते सोसतं, पण उष्ण-दमट रात्री त्याला मानवत नाहीत. मधला गाभा मऊ पडतो आणि एका आठवड्यात अख्खं रोप हाती येतं. हिवाळा कडक असेल आणि कुंडी बारा महिने उघड्यावर ठेवायची असेल तर याच्या तोडीचं दुसरं रोप नाही. बंद, ऊबदार खोलीसाठी मात्र आम्ही ते अजिबात सुचवणार नाही.

इचेव्हेरिया पाच अंशांच्या वर सुखात राहते. गोठणारी थंडी तिच्या पानांतलं पाणी गोठवते आणि पानं काचेसारखी पारदर्शक, लिबलिबीत होतात. हॉवर्थियाची खालची मर्यादा साधारण तेवढीच. उकाड्यात मात्र हॉवर्थिया गप्प बसून राहते, मरत नाही, आणि त्या काळात तिला पाणी जवळजवळ बंद केलं तरी चालतं. उकाडा सोसण्यात ग्राप्टोपेटालम इचेव्हेरियापेक्षा काकणभर सरस.

पाणी: वार ठरवू नका

‘आठवड्यातून एकदा’ हा सल्ला कुणासाठीच बरोबर नाही. आठ-दहा सेंटिमीटरच्या प्लॅस्टिकच्या कुंडीतली इचेव्हेरिया वाढीच्या दिवसांत सात ते दहा दिवसांनी पाणी मागेल. तीच मातीच्या कुंडीत असेल तर लवकर, आणि थंडीत तीन-चार आठवड्यांनी. हॉवर्थियाला याहून थोडं कमी. पण हे आकडे नुसता अंदाज घ्यायला. खरं मोजमाप रोपाकडेच आहे. सर्वात खालचं पान दोन बोटांत हलकेच दाबा. टणक असेल तर थांबा. मऊ आणि बारीक सुरकुतलेलं असेल तर पाणी द्या. पान पिवळट, अर्धपारदर्शक आणि स्पर्श होताच गळणारं असेल तर पाणी आधीच जास्त झालंय, आणि नेमकं इथेच लोक ‘रोप सुकतंय’ समजून आणखी ओततात. सर्वात खालची एक-दोन पानं कागदासारखी वाळून जाणं नैसर्गिक आहे, त्याची काळजी नको.

हॉवर्थियाच्या कठीण, पट्टेदार जातींत दाबून कळत नाही. तिथे लाकडी काडी मातीत तळापर्यंत खुपसून पाहावी किंवा कुंडी उचलून वजनाचा अंदाज घ्यावा.

पाणी द्यायचं तेव्हा खालच्या भोकातून वाहेपर्यंत द्यावं आणि ताटलीत जमलेलं काढून टाकावं. रोज चमचाभर पाण्याने वरची माती ओली राहते आणि खालची मुळं कोरडी मरतात. इचेव्हेरियाच्या पानांमध्ये पाणी साचू देऊ नये. गाभ्यातलं पाणी लवकर सुकत नाही आणि कूज तिथूनच सुरू होते. तिच्या पानांवर पांढरी मेणासारखी भुकटी असते, ती ऊन आणि पाणी दोन्हींपासून पानाचं रक्षण करते. बोट लागलं की ती निघते आणि त्या पानावर पुन्हा येत नाही. सतत रोपाला हात लावायची सवय असणाऱ्यांसाठी हॉवर्थियाच बरी.

माती आणि कुंडी

इथे फरक थोडा आहे. इचेव्हेरिया आणि ग्राप्टोपेटालमसाठी एक भाग कुंडीची तयार माती आणि एक भाग तीन ते सहा मिलिमीटर आकाराचं प्युमिस, पर्लाइट (दोन्ही हलके, सच्छिद्र खडे) किंवा खडी. हवा दमट असेल तर खडीचं प्रमाण दोन भागांपर्यंत न्यावं. हॉवर्थियाला तेच मिश्रण चालतं. बारीक वाळू घालू नये, ती कणांमधल्या मोकळ्या जागा बुजवते आणि निचरा सुधारण्याऐवजी बिघडवते. कुंडीच्या तळाशी खड्यांचा थर देण्याचाही उपयोग नाही. पाणी बारीक मातीतून जाड खड्यांत सहज उतरत नाही, ते थराच्या वरच अडून राहतं, म्हणजे ओलावा मुळांच्या आणखी जवळ येतो.

कुंडी रोपाच्या घेरापेक्षा फार तर दोन सेंटिमीटर मोठी. भोक हवंच. काचेच्या बंद भांड्यातली मांडणी फोटोत सुंदर दिसते, पण या चौघांपैकी कुणालाही ती मानवत नाही.

दुकानातून आणलेलं रोप अनेकदा निव्वळ कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) असतं. ते एकदा पूर्ण वाळलं की पाणी शोषत नाही, कडेने वाहून जातं आणि वरून दिलेलं पाणी मुळांपर्यंत पोहोचतच नाही. अशी कुंडी वीस-तीस मिनिटं पाण्यात बुडती ठेवावी, आणि जमेल तेव्हा माती बदलावी. बदलताना सुकी मुळं कापली तर आठवडाभर पाणी देऊ नये. हॉवर्थियाची जुनी मुळं अधूनमधून आपोआप मरतात आणि नवी येतात, तेव्हा उपटून पाहिल्यावर पोकळ तपकिरी मुळं दिसली तर घाबरू नये.

एकाची दहा करायची असतील

ग्राप्टोपेटालम यात पहिलं. त्याचं गळलेलं पान कुंडीशेजारी पडलं तरी बऱ्याचदा रुजतं. इचेव्हेरिया एलेगन्स, लिलासिना यांची पानंही रुजतात, अट एकच: पान बुडासकट निघालं पाहिजे. आडवं डावी-उजवीकडे हलवत काढावं, वर ओढू नये. मधे तुटलेल्या पानाला मुळं फुटली तरी अंकुर येत नाही. काढलेलं पान दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्यावं आणि कोरड्या मिश्रणावर नुसतं ठेवावं. मुळं दोन-तीन आठवड्यांत, छोटं रोप एक-दोन महिन्यांत दिसतं, आणि कुंडीत शोभेल असं व्हायला जवळजवळ वर्ष लागतं. मोठ्या, झालरीदार पानांच्या संकरित इचेव्हेरियाची पानं सहसा रुजत नाहीत. त्यांच्या फुलांच्या दांड्यावरची लहान पानं वापरून पाहावीत, ती जास्त वेळा साथ देतात.

हॉवर्थियाच्या पानापासून रोप होतं, पण धीर संपतो. बुडाशी आलेली पिल्लं स्वतःची मुळं फुटल्यावर वेगळी करणं सोपं. सेम्परव्हायवम लांब तंतूंवर पिल्लं आपणहून पसरवतं, तेच त्याचं काम.

इचेव्हेरिया लांबलीच असेल तर तो दांडा परत आखूड होत नाही. वरचा पानांचा गुच्छ दोन-तीन सेंटिमीटर दांड्यासकट स्वच्छ पात्याने कापून तीन ते पाच दिवस सुकवावा आणि कोरड्या मातीवर बसवावा. उरलेल्या खोडाला पाणी कमी करून उजेडात ठेवलं की त्यावर बाजूने नवे फुटवे येतात.

फुलं आली म्हणजे

इचेव्हेरिया, हॉवर्थिया आणि ग्राप्टोपेटालम दरवर्षी फुलून जगतात. सेम्परव्हायवमचा जो गुच्छ फुलतो तो फुलल्यावर मरतो, भोवतीची पिल्लं उरतात. हे आधी माहीत नसेल तर रोग समजून औषधं मारली जातात. दुकानात दिसणारं एओनियम हे काळपट-जांभळं सकुलंटही फांदीच्या टोकाला फुललं की तो गुच्छ संपवतं. शिवाय ते हिवाळ्यात वाढतं, उन्हाळ्यात झोपतं आणि पानापासून रुजत नाही, म्हणून पहिलं रोप म्हणून त्याचा विचारच नको.

पिठ्या ढेकूण

पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसले की सत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसावेत. अंडी पुसायची राहून जातात, म्हणून आठवड्याच्या अंतराने तीन-चार वेळा करावं. इचेव्हेरियात अडचण अशी की अल्कोहोलने पांढरी भुकटीही जाते आणि घट्ट पानांच्या आत काडी पोहोचत नाही. हॉवर्थियात त्यांचा अड्डा मुळांवर असतो आणि वरून काही दिसत नाही. पाणी, उजेड ठीक असूनही रोप महिनोन्महिने मरगळलेलं असेल तर ते उपटून मुळं पाहावीत.

घेताना

एवढ्यावरून निवड अशी होते. थेट ऊन पाच तास आणि रात्री गार: इचेव्हेरिया, त्यातही एलेगन्स किंवा आगावॉयडीस या जाती, लाऊई ही जात नको. ऊन आहे पण उकाडाही आहे, शिवाय पाणी द्यायचं विसरायला होतं: ग्राप्टोपेटालम. फक्त उजेड: हॉवर्थिया. उघडी गच्ची आणि हिमाची थंडी: सेम्परव्हायवम. घरात मांजर-कुत्रं असेल तर इचेव्हेरिया आणि हॉवर्थिया दोन्ही त्यांच्यासाठी बिनविषारी मानल्या जातात. कालांचो (आणखी एक सकुलंट) आणि कोरफडीबद्दल तसं म्हणता येत नाही.

दुकानात खालची पानं दाबून पाहा, गाभा फिकट किंवा मऊ नाही ना ते बघा, पानांमधून दांडा दिसत असेल तर ते रोप आधीच लांबलेलं आहे. वरचे खडे चिकटवलेले असतील किंवा पानांना भडक रंग फासलेला असेल तर घेऊ नका, रंगाखाली पानाला उजेड मिळत नाही. घरी आणल्यावर तीन आठवडे बाकीच्या कुंड्यांपासून लांब ठेवा आणि पहिल्या आठवड्यात एकदा तरी कुंडीतून काढून मुळं बघा.