एन्कहाउझन: म्युझियम छान, पण गाव त्याहून भारी

अ‍ॅमस्टरडॅमला आलेली आपली मंडळी फोलेंडाम नाहीतर झान्स स्खान्सला जातात आणि बसमधून उतरून फोटो काढून परत येतात. त्यापेक्षा सेंट्रल स्टेशनवरून डायरेक्ट ट्रेन पकडा आणि तासाभरात एन्कहाउझनला उतरा. रेल्वे लाइन तिथेच संपते, बाहेर आलं की समोर बंदर, टॅक्सी-बस काही लागत नाही.

बहुतेक लोक येतात ते झौडरझे म्युझियमसाठी. त्याचा ओपन-एअर भाग १९८३ साली सुरू झाला. १९३२ मध्ये आफस्लाउटडाइक नावाचा लांबलचक बांध घालून झौडरझे ह्या समुद्राच्या फाट्याचं तोंड बंद केलं, खाऱ्या पाण्याचं गोडं तळं झालं, हेरिंग मासा गेला आणि किनाऱ्यावरच्या कोळ्यांचा धंदाच बसला. मग त्या गावांतली जुनी घरं, दुकानं उचलून आणून इथे पुन्हा उभी केलीत. चुन्याच्या भट्ट्या नक्की बघा, शिंपल्या भाजून चुना करायचे त्या. स्मोकहाउसमधला धुरावलेला मासा हातात घेऊन बंदरावर उभं राहून खायचा, काटे काढत काढत, बोटांचा वास संध्याकाळपर्यंत जात नाही पण वर्थ आहे. शाकाहारी असाल तर डबा न्या, उगाच चिडचिड नको.

पण खरं सांगू का, तिकीट न काढता नुसतं गावात फिरलात तरी पैसे वसूल. बंदराच्या तोंडाशी ड्रोमेडारिस, १५४० चा जाडजूड बुरूज, मधे तिथे तुरुंग पण होता, वर हेमोनी ह्या नावाजलेल्या घंटाकारांकडे ओतलेल्या घंटा. तिथला पूल ओलांडून वेस्टरस्ट्राटला लागा, म्हणजे मेन बाजाररस्ता, आणि चालत रहा. वेस्टरकेर्क चर्चचा घंटाघर चर्चला चिकटून नाहीये, शेजारी वेगळाच आहे आणि तोही लाकडी! आतल्या गल्ल्यांमध्ये काही घरं सरळ रस्त्यावर झुकलीयेत, खालून वर बघताना जरा भीतीच वाटते.

आपल्या लोकांसाठी खरी गंमत वेगळीच आहे. यान हाउखन फान लिन्सखोटन ह्याच गावात वाढलेला, १५८३ ला गोव्यात पोचला आणि तिथल्या आर्चबिशपकडे कारकून म्हणून लागला. साहेबाची पत्रं लिहिता लिहिता पोर्तुगीजांचे समुद्रमार्ग, बंदरं, मसाल्याचा व्यापार सगळं टिपून घेतलं, परत येऊन इथेच राहिला आणि १५९६ मध्ये 'इटिनेरारियो' छापलं. पोर्तुगीजांनी जपून ठेवलेली माहिती चव्हाट्यावर! पुढे डच ईस्ट इंडिया कंपनी निघाली, तिचं एक ऑफिस ह्याच गावात, आणि म्युझियमचा इनडोअर भाग ज्या पेपरहाउसमध्ये आहे ते कंपनीचं गोदाम होतं, नावातच मिरी आहे (डचमध्ये 'पेपर' म्हणजे मिरी). वेंगुर्ल्याची वलंदेजांची, म्हणजे डचांची, पडकी वखार पण ह्याच कंपनीची. अर्धा तास नुसतं पेपरहाउसच्या भिंतीकडे बघत बसलो, बरोबरचे वैतागले.

तक्रारी पण आहेत. बंदराजवळच्या एका कॅफेत ऑर्डर घ्यायलाच कोणी फिरकेना, शेवटी उठून काउंटरवर गेलो, आणि सूप आलं ते कोमट. रस्ते विटांचे आणि दगडी, त्यामुळे स्ट्रोलर किंवा व्हीलचेअर असेल तर जरा हाल होतात. आणि वारा! उन्हाळ्यात सुद्धा विंडचीटर लागतोच, छत्री नेऊ नका, उलटी होते.

टिप एकच, आधी गाव फिरा आणि मग म्युझियम, कारण उलटं केलंत तर पाय दुखायला लागतात आणि गाव राहून जातं. ओपन-एअर भाग हिवाळ्यात बंद असतो, पेपरहाउस चालू असतं. दिवस मोकळा असेल तर स्टेशनजवळूनच तळ्यापलीकडच्या स्टाव्होरन गावाला बोट जाते, सायकल पण नेता येते, पण ती सीझनमध्येच, तेव्हा टाइमटेबल आधी बघून घ्या.