म्हाताऱ्या कुत्रीला लिम्फोमा: पूर्ण केमो, अर्धी केमो की फक्त गोळ्या?

आमची ठकी रस्त्यावरून घरी आली तेव्हा गळ्यात साखळीचा वळ होता. नऊ वर्षांनी तिच्या जबड्याखाली हात फिरवताना दोन्हीकडे सुपारीएवढ्या गाठी लागल्या. खांद्यापुढे आणि मागच्या गुडघ्यांमागेही होत्या. दाबल्या तरी ती कुरकुरत नव्हती. सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासल्या आणि लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर, निघाला.

तुम्ही याच टप्प्यावर असाल तर आधी एक सांगते. घाईने प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइडच्या गोळ्या, सुरू करू नका. या गोळ्यांनी गाठी भराभर उतरतात, भूक परत येते, घरात सगळ्यांना हायसं वाटतं. पण गोळ्या आधीपासून चालू असल्या की नंतरच्या केमोला आजार तितकीशी दाद देत नाही. केमोचा विचार पुसटसा जरी मनात असेल, तरी पहिल्या गोळीआधी डॉक्टरांशी बोला. सांधेदुखीसाठी मेलॉक्सिकॅम चालू असेल तर तेही सांगा. दोन्ही औषधं एकत्र गेली तर पोटात अल्सर होऊ शकतो.

पूर्ण केमो म्हणजे ‘चॉप’ कोर्स. व्हिन्क्रिस्टिन, सायक्लोफॉस्फमाइड आणि डॉक्सोरुबिसिन आलटून पालटून, जोडीला सुरुवातीचे काही आठवडे प्रेडनिसोलोन. साधारण १९ ते २५ आठवडे चालतो, सुरुवातीला दर आठवड्याला दवाखाना आणि रक्ततपासणी. १० पैकी ८-९ कुत्र्यांच्या गाठी मावळतात. कॅन्सर कोणत्या पांढऱ्या पेशींतून उगवला त्यावरून बी-सेल आणि टी-सेल असे प्रकार पडतात. बी-सेल असेल तर साधारण वर्षभराचं आयुष्य मिळतं, टी-सेलमध्ये ६ ते ९ महिने. आजार मुळासकट जात नाही, बहुतेकांना तो पुन्हा गाठतो. माणसांच्या केमोवरून मात्र अंदाज बांधू नका. कुत्र्यांना डोस सौम्य असतो, केस सहसा गळत नाहीत, उलट्या-जुलाब झाले तरी बहुधा दोन-तीन दिवसांत थांबतात. डोसनंतर आठवड्याभरात पांढऱ्या पेशी उतरतात, तेव्हा मलूलपणा किंवा ताप दिसला तर उद्यावर ढकलू नका.

मधला मार्ग एकट्या डॉक्सोरुबिसिनचा. दर ३ आठवड्यांनी एकदा, सहसा ५ वेळा. सरासरी ६ ते ८ महिने मिळतात. हृदयावर ताण येतो म्हणून आधी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्यावा. औषध शिरेबाहेर सांडलं तर तिथली कातडी सडते, त्यामुळे ते संपेपर्यंत कुत्र्याने निश्चल पडून राहावं लागतं. घाबरट कुत्र्याला त्यासाठी हलकं गुंगीचं औषध द्यावं लागू शकतं.

फक्त प्रेडनिसोलोन दिलं तर १ ते २ महिने. तहान, लघवी, भूक सगळं वाढतं. रात्री दोन-तीनदा उठून बाहेर न्यायची तयारी हवी.

लोक वयावर अडून बसतात. मूत्रपिंड, यकृत आणि हृदय ठीक असेल तर म्हातारं कुत्रंही केमो पेलतं. माझ्या मते अशा कुत्र्यांसाठी खरा हिशेब फेऱ्यांचा आहे. स्टीलच्या टेबलावर ठेवलं की ठकी पाय ताठ करायची, नखं पत्र्यावर करकरायची आणि तळपायांचे ओले ठसे उमटायचे. घरी आल्यावर पुढचे दोन दिवस पलंगाखाली. चॉपच्या पंधरा-सोळा फेऱ्या म्हणजे तिच्यासाठी महिनाभर पलंगाखाली. तुमचं कुत्रं गाडीत उडी मारून बसत असेल, डॉक्टरांना शेपूट हलवत असेल आणि प्रकार बी-सेल असेल, तर मी बिनदिक्कत पूर्ण कोर्सच सुचवेन. आम्ही मधला घेतला. टेबलाऐवजी जमिनीवर, तिच्याच चादरीवर सलाइन लावू दिलं आणि तिचं डोकं माझ्या मांडीवर राहिलं. तेवढ्यानेही पुष्कळ फरक पडला.

कोणताही मार्ग घ्या, कॅलेंडरवर रोज एक खूण करा: चांगला दिवस की वाईट. ठकीच्या चौथ्या डोसनंतर आठवड्यात पाच फुल्या आल्या. आम्ही पाचवा डोस घेतला नाही आणि गोळ्यांवर आलो. डॉक्टर घरी येऊन शेवटचं इंजेक्शन देतील का, हे तिची तब्येत बरी असतानाच विचारून ठेवलं होतं, त्यामुळे त्या दिवशी तिला गाडीत घालावं लागलं नाही. ती खिडकीखाली, उन्हात होती.