बाल्टोचे दोन पुढचे भाग: लेकीचा की लेकाचा?

बाल्टो या स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यावरच्या ॲनिमेशनपटाचे हे दोन पुढचे भाग. मुलांसोबत बघायला त्यातला एकच निवडायचा असेल, तर मी ‘बाल्टो २: वुल्फ क्वेस्ट’ लावेन. २००२चा हा भाग बाल्टोच्या लेकीचा, अलूचा. बाकीच्या पिल्लांना घरं मिळतात. लांडग्यासारख्या दिसणाऱ्या अलूला कोणीच नेत नाही. बापात लांडग्याचं रक्त आहे हे तिला फार उशिरा कळतं, आणि ती रागानं निघून जाते. बाल्टो तिच्या मागे जातो, पण शेवटी लांडग्यांच्या कळपाची जबाबदारी तिच्यावर येते तेव्हा तिला अडवत नाही. लेक सासरी पाठवलेल्या कुठल्याही घरात हा प्रसंग डोळ्यांत पाणी आणेल.

‘बाल्टो ३: विंग्ज ऑफ चेंज’ लेकाचा. कोडी टपाल वाहणाऱ्या स्लेजला, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीला जुंपलेला, आणि आता विमान त्याचं काम हिरावू पाहतंय. गोष्ट साधी, बोरिस हंसाचं प्रेमप्रकरण जरा लांबलेलं. पण तिच्यामागचा इतिहास अस्सल आहे. १९२४मध्ये अलास्कात वैमानिक कार्ल बेन आयेल्सन यांनी फेअरबँक्सहून मॅकग्राथला विमानानं तीन तासांच्या आत टपाल पोहोचवलं. कुत्र्यांना त्याच वाटेला सुमारे वीस दिवस लागत. मोठ्या मुलांना हे आधी सांगा, मग सिनेमातली कुत्री आणि विमानाची शर्यत वेगळीच वाटते.

दोन्हींचे दिग्दर्शक फिल वाइनस्टीनच. ज्याच्यावरून ही गोष्ट सुचली तो खरा बाल्टो मात्र सायबेरियन हस्की जातीचा कुत्रा होता, लांडगा नव्हे. आणि खच्ची केलेला असल्यामुळे त्याला पिल्लंही झाली नाहीत.