राणी पुआबीच्या शिक्क्याची प्रतिकृती: ठसा झकास, भोक मात्र बंद

एका ऑनलाइन दुकानातून १,८०० रुपयांना हा रेझिनचा दंडगोल शिक्का मागवला. मूळ शिक्का लाजवर्द या निळ्या दगडाचा, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचा. सध्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. दक्षिण इराकमधल्या उर या प्राचीन शहरात पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वुली यांना १९२७-२८ च्या उत्खनन हंगामात तो तिथल्या राणी पुआबीच्या थडग्यात सापडला.

शिक्का घेतला की आधी मातीवर फिरवून बघायचा. नुसता कपाटात ठेवायचा तर फोटो काय वाईट? मी शाडू वस्त्रगाळ केली, मळून अर्धा दिवस ओल्या फडक्यात ठेवली, पोळीसारखी लाटली आणि शिक्क्याला तेलाचं बोट लावून सावकाश फिरवला. वरच्या पट्टीत पेला उचललेली पुआबी, समोर पेला घेतलेला पुरुष, आजूबाजूला सेवक, खाली मेजवानीची दुसरी रांग. बोटं, पेल्यांचे काठ, सगळं उठून आलं. तिथल्या प्राचीन कीलाकार लिपीत कोरलेलं तिचं नाव मात्र पुसट आहे. साच्यातून काढताना कडा बुजल्या असणार. रंगही सपाट निळा. खऱ्या लाजवर्दात पांढऱ्या शिरा आणि सोनेरी कण दिसतात, ते इथं शोधूनही सापडत नाहीत.

माझी खरी तक्रार भोकाची. दोन्ही टोकांना खळगे आहेत, पण ते आरपार नाहीत. असे शिक्के ओवून अंगावर वागवायचे. पुआबीच्या देहाजवळ तीन शिक्के मिळाले, वस्त्राच्या टाचण्यांना अडकवलेले असावेत. नाव कोरलेला हा शिक्का तिथं, तिच्या अंगाशी होता म्हणूनच ‘पुआबी’ हे नाव त्या देहाला जोडता आलं. हाच शिक्का कुणी चोरून बाजारात आणला असता तर ही बाई कोण, हे कधीच कळलं नसतं.

म्हणूनच त्याच दुकानातली ‘अस्सल मेसोपोटेमियन पाटी’, म्हणजे प्राचीन इराकमधली लेख असलेली मातीची पाटी, मी घेतली नाही. कागदपत्रं मागितली तर ‘जुन्या युरोपीय संग्रहातली आहे’ एवढंच उत्तर आलं. ना मालकाचं नाव, ना साल, ना निर्यातीचा परवाना. एप्रिल २००३ मध्ये बगदादच्या संग्रहालयातून सुमारे १५,००० वस्तू लुटल्या गेल्या, त्यात खिशात मावणारे हजारो शिक्के होते. इराकमधून बेकायदा बाहेर गेलेल्या अशा वस्तूंच्या व्यापारावर त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी ठराव १४८३ करून बंदी घातली. धाराशिवजवळच्या तेरच्या लामतुरे संग्रहालयात सातवाहनकाळचे मणी बघत वाढलेल्या माणसाला जमिनीतून उपसलेल्या वस्तूचं दुःख वेगळं सांगावं लागत नाही.

डबीत मूळ शिक्क्याचा संग्रहालय क्रमांक छापलेला नाही, तोही हवा होता. पॅकिंग चांगलं, धाराशिवपर्यंत सुखरूप पोचला. पाचपैकी साडेतीन तारे.

भोक इथल्या सोनाराकडून आरपार करून घेतलं, रेझिन तडकलं नाही. सोबत खंभातच्या अकीकाचे लाल मणी ओवलेत. पुआबीच्या मण्यांच्या अंगरख्यातही लाल अकीक आहे, आणि उरला तो दगड आपल्या गुजरातेकडून जात असावा असं अभ्यासक मानतात. वर्गात मुलांच्या हाती द्यायला हा शिक्का बिनधास्त घ्या, फक्त ऑर्डर देण्याआधी भोकाबद्दल विचारा.