गाव खरं, केबिन खरी, बुकिंग तेवढं खोटं

जंगलातल्या त्या हॉलिडे व्हिलेजच्या फाटकावरच्या माणसाने आमचा बुकिंग क्रमांक पुन्हा पुन्हा टाकून पाहिला आणि म्हणाला, "ताई, आमचे क्रमांक नुसत्या आकड्यांचे असतात. तुमच्या क्रमांकात ही अक्षरं कुठून आली?" मागच्या सीटवर पोरं पोहण्याचे कपडे घालूनच बसली होती. त्यामागे गाड्यांची रांग हॉर्न वाजवायला लागली होती.

रिसेप्शनवर कळलं की आम्हाला दिलेली केबिन खरोखरच आहे, तलावाच्या काठी, नकाशात दाखवली तिथेच. फक्त तिच्यात दुसरं कुटुंब आदल्या दिवसापासून राहत होतं. तिथल्या मुलीने ड्रॉवरमधून एक लॅमिनेट केलेला कागद काढून माझ्यापुढे सरकवला. वर ठळक अक्षरांत 'तुमचे बुकिंग आमच्याकडे नसल्यास', खाली बँकेला काय सांगायचं, पोलिसांना काय द्यायचं, सगळं क्रमवार. कागदाचे कोपरे हाताळून हाताळून सुटले होते. म्हणजे आमच्याआधी किती जण गंडले असतील, हिशेब करा. हे तुम्ही तुमच्या साइटच्या पहिल्या पानावर का टाकत नाही, असं मी विचारलं. ती नुसती हसली.

झालं होतं असं. शाळांच्या सुट्टीतल्या तारखा व्हिलेजच्या साइटवर केव्हाच भरल्या होत्या. सहलींच्या एका ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, 'आमचं जाणं रद्द झालं, बुकिंग ट्रान्सफर करतोय', आणि खाली लिंक. साइट हुबेहूब तीच: तेच रंग, तोच नकाशा, केबिनवर बोट ठेवलं की आतले फोटो. पत्त्यात तेवढी एक आडवी रेघ जास्त. दर मूळ दरापेक्षा किंचितच कमी होता. 'फार स्वस्त दिसलं की सावध व्हा' हा सल्ला इथे काडीचाही कामाचा नाही. या लोकांनाही तो माहीत असतो. कार्ड टाकलं तर 'तांत्रिक अडचण'. लगेच चॅटची खिडकी उघडली आणि पलीकडच्या 'मदतनीसाने' थेट बँक खात्यात पैसे पाठवायला सांगितलं. खातं कुणा व्यक्तीच्या नावावर. विचारलं तर म्हणे आमचे अकाउंट्स मॅनेजर.

आपण तपासतो ते सगळं गावाबद्दल असतं. फोटो खरे आहेत का? आहेत. लोकांचे अभिप्राय? अस्सल. नकाशावर जागा सापडते? हो. कारण गाव खरंच असतं, खोटा असतो तो विकणारा, आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. पत्त्याशेजारच्या कुलपाचंही तेच. लेट्स एन्क्रिप्टसारख्या सेवेकडून २०१५ पासून त्या कुलपामागचं प्रमाणपत्र कुणालाही फुकट मिळतं. तुमची माहिती वाटेत कुणी वाचणार नाही, एवढीच त्याची हमी. पलीकडे चोर बसला असेल तर ती सुरक्षितपणे चोराकडे पोहोचते. लोक त्याचा भलताच अर्थ काढतात म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ते कुलूपच काढून टाकलं.

विकणाऱ्याला तपासायचं तर इंटरनेटवरच्या पत्त्यांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या लुकअप पानावर साइटचा पत्ता टाका. तो कधी नोंदवला ते मिनिटभरात दिसतं. आमची साइट काही आठवड्यांपूर्वीची होती आणि तळाशी 'अनेक वर्षांची विश्वासू सेवा' लिहिलेलं. आणि पैसे भरण्याआधी व्हिलेजच्या स्वतःच्या साइटवरचा नंबर लावून विचारा, बुकिंग दुसऱ्याच्या नावावर करता येतं का. आमच्या बाबतीत उत्तर सरळ 'नाही' होतं. मेलमध्ये आलेला नंबर लावू नका, तो त्यांचाच माणूस उचलतो.

कार्डाने भरलं असतं तर चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत व्यवहार उलटवून पैसे परत, मागता आला असता. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत सेवा मिळालीच नाही तर त्यासाठी साधारण १२० दिवस मिळतात. खात्यातून स्वतःच पाठवलेल्या पैशांना ती सोय नाही. बँकेने आधी हात वर केले, मग तक्रार नोंदवली. तोवर पैसे पुढच्या खात्यांत पांगले होते. त्यामुळे बँकेला फोन फाटकावरूनच करा, घरी पोहोचून नव्हे. पडद्याचे फोटोही तिथेच काढून ठेवा. आमची ती चॅट त्याच संध्याकाळी गायब झाली.

पुढे काही दिवसांनी एका गृहस्थांचा फोन आला. फार अदबीने बोलत होते. तुमचे पैसे सापडलेत, फाइल फी भरली की परत मिळतील. रक्कम अचूक सांगितली, केबिनचा क्रमांकही सांगितला. तो क्रमांक मी बँकेला किंवा पोलिसांना दिलेल्या तक्रारीत लिहिलाच नव्हता. त्यांचा नंबर आता तक्रारीला जोडला आहे.